जमीन गेलेल्या हातांची शाळा

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे मागे पडतात आणि घाटमाथ्याच्या अलीकडे मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे पावसाळ्यात तेथे सहलीस जातात, काठावर उभी राहून भाजलेली कणसे खातात आणि संध्याकाळी परततात. त्या पाण्याखाली कधी काळी आंबेमोहोर पिकविणारी भातखाचरे होती, घरे होती, देवळे होती, याची आठवण त्यांपैकी फार थोड्यांना असते. आम्हांसही ती उशिराच झाली. मुळशीच्या शेतकऱ्याची जमीन कशी गेली, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जमीन गेल्यावर त्याच्या हातांनी कोणती विद्या आत्मसात केली आणि ती त्याला कोणी शिकविली, या प्रश्नाचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

लढ्याचा इतिहास थोडक्यात असा. १९२१ च्या एप्रिल महिन्यात, रामनवमीच्या दिवशी, नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात हजाराहून अधिक मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाचे काम बंद पाडले. सुमारे पन्नास गावांवर पाणी येणार होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकार एका खासगी कंपनीसाठी शेतकऱ्याची जमीन घेत होते. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नामाभिधान याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे सहकारी. पुढे फूट पडली. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या, आणि मोबदल्याची भाषा सुरू होताच सावकाराचे हित व कुळाचे हित एक राहिले नाही. १९२४ अखेर बापटांनी रेल्वेगाडी अडविली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ मध्ये घाटाखाली भिरा येथे वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना जाई. राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

मोबदल्याच्या हिशेबात एकराला भाव होता, झाडाला भाव होता, घराला भाव होता. चाळिशी ओलांडलेल्या कुणब्याच्या अंगी असलेल्या विद्येला मात्र भाव नव्हता. पाऊस कधी येणार हे ओळखणे, राब भाजणे, आवण उपटून लावणे, खाचराचा बांध धरणे ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. परंतु खाचरावाचून तिचा उपयोग शून्य. जमीन नाहीशी झाली त्याच दिवशी हा मनुष्य कुशल कारागिराचा अकुशल मजूर झाला. विस्थापनाचा हा भाग कागदावर येत नाही.

मुंबई ही मावळ्यांना अनोळखी नव्हती. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या डोंगरी तालुक्यांतील माणसे धरणापूर्वीपासून मुंबईस जात. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुमारे शंभर माणसे हाताशी धरून जेवणाचे डबे पोहोचविण्याचा व्यवसाय सुरू केला, तो या मावळपट्ट्यातील माणसांच्याच बळावर वाढला. तेव्हा धरणाने डबेवाले निर्माण केले असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. इतके मात्र खरे की, पायांखालची जमीन गेलेल्या मुळशीकरास आधीच मळलेली एक वाट उपलब्ध होती आणि त्या वाटेवर त्याच्या गावचा कोणीतरी पुढे गेलेला होता.

डबेवाल्यांची कीर्ती आता सर्वदूर झाली आहे. इंग्लंडचे तत्कालीन युवराज चार्ल्स २००३ मध्ये त्यांना भेटून गेले; हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. चुका किती कमी होतात याचे सर्वांना अप्रूप. आम्हांस आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. आठवीच्या आसपास शाळा सुटलेला, मुंबईची भाषा, रस्ते, जिने यांतले काही न जाणणारा प्रौढ मनुष्य हे काम शिकतो कसे?

त्याची शाळा अशी. नवा गडी बहुधा नात्यातला किंवा गावचा असतो. त्याला कोणीतरी 'हा आपला' म्हणून आणलेले असते. सकाळी तो जुन्या माणसाबरोबर घराघरांतून डबे गोळा करतो, सायकलीला लावून स्टेशनवर आणतो. तेथे फलाटाबाहेर डबे मांडले जातात आणि कोणत्या स्टेशनावर कोणता उतरणार त्याप्रमाणे निवडले जातात. झाकणावर रंगाने खुणा केलेल्या असतात: डबा कोणत्या भागातून आला, कोणत्या स्टेशनवर उतरायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर जायचा. काही अक्षरे, काही आकडे, काही रंग. पूर्वी रंगीत दोऱ्यांवर भागत असे. ही लिपी शिकविण्यासाठी फळा नाही, पुस्तक नाही. डबा हातात येतो तेव्हाच खूण वाचावयाची, आणि चुकीची वाचली तर दुपारी एक वाजता कोणीतरी उपाशी राहतो. मग तीस-चाळीस डब्यांचा लाकडी क्रेट डोक्यावर घेऊन लोकलच्या मालडब्यात चढावयाचे. दुपारी तेच डबे उलट्या वाटेने घरी. एकाच दिवसात एक धडा दोनदा गिरविला जातो, एकदा सुलट आणि एकदा उलट. आमच्या सेमिनरीत लॅटिन व्याकरण शिकविणाऱ्यांना ही युक्ती सुचली असती तर आमचे पुष्कळ अश्रू वाचले असते.

या शाळेचा शिक्षक म्हणजे मुकादम. तो स्वतः डबे वाहून वाहून मुकादम झालेला असतो. म्हणून नवख्याची कोणती चूक अज्ञानाची आणि कोणती आळसाची हे त्याला सांगावे लागत नाही. डोक्यावर पांढरी टोपी नसेल, कामावर असताना कोणी मद्य घेतलेले असेल, तर दंड होतो. नवख्याला उमेदवारीच्या काळातही काही कमाई असते. ती संपली की रक्कम भरून तो टोळीचा भागीदार होतो. येथे मालक कोणी नाही; जे मिळते ते वाटून घ्यावयाचे. १९५६ मध्ये डबेवाल्यांचा धर्मादाय न्यास नोंदला गेला, तेव्हा या व्यवस्थेला कायद्याचे अंग लाभले. चैत्रात गावोगावच्या जत्रा येतात तेव्हा डबेवाले काही दिवस काम बंद ठेवून गावी जातात, आणि अवघी मुंबई ते निमूटपणे सोसते.

याचे तात्पर्य आम्ही असे काढतो. प्रौढ मनुष्य शिकण्यास नाखूश नसतो. त्याला शिकण्याची लाज वाटते. मुलांच्या बाकावर बसणे, चुकल्यावर अनोळखी माणसाकडून ऐकून घेणे, घरी चूल थंड असताना महिनोन्‌महिने बिनकमाईचे शिकत राहणे हे त्याला जमत नाही. शिकविणारा आपला असेल, काम खरे असेल, पहिल्या महिन्यापासून चार पैसे हाती येत असतील आणि शेवटी त्या कामात वाटा मिळणार असेल, तर तोच मनुष्य अवघड लिपीही शिकतो.

आपल्या वाचकांस यावरून 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायाचे स्मरण होईल. क्लॉडियस बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवून दिले, तेव्हा अक्विला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य करिंथ नगरीत येऊन राहिले. विस्थापितच ते. त्यांचे घर गेले, परंतु तंबू करण्याची विद्या हातात होती. संत पौल त्याच धंद्याचे; ते त्यांच्या घरी उतरले आणि एकत्र काम करू लागले. करिंथच्या ख्रिस्तमंडळाचा आरंभ अशा रीतीने एका कामाच्या ठिकाणी झाला, हे आपण प्रवचनात क्वचितच सांगतो. आम्हीही फारसे सांगितलेले नाही.

मावळे मुंबईत डबे वाहत होते त्याच काळात पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात दुसऱ्या एका प्रकारची शाळा उभी राहिली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढील वर्षी ते पुण्यास आणले, आणि दुष्काळाच्या वर्षांत शेकडो निराधार स्त्रियांना आश्रय देताना केडगाव येथे मुक्ती मिशन आकारास आले. रमाबाई आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या; तथापि त्यांनी जे केले त्यापुढे आपण नम्रपणे उभे राहिले पाहिजे. ज्या विधवेला लोक घरात ओझे समजत होते, तिला त्यांनी विणकाम, शिवण, शेती, तेलाची घाणी आणि छापखान्याचे काम शिकविले. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे त्या छापखान्यात स्त्रियांनीच जुळविले. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ बाहेर आला. मुळशीचा सत्याग्रह संपला तेच हे वर्ष. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीला वाचावयास शिकवून पुढे तिच्या हाती छपाईचा खिळा देणे, म्हणजे साक्षरता आणि रोजगार यांची गाठ एकाच टाक्यात मारणे होय.

सरकारी प्रौढशिक्षणाला ही गाठ मारण्यास फार काळ लागला. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम ही मोठी उत्साहाची चळवळ होती. १९६१ पासून ती राज्यभर पसरली, आणि गावची प्रौढ मंडळी साक्षर झाली की गावाचा गौरवसमारंभ होई. परंतु अक्षर आल्यावर पुढे काय, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. वापरात नसलेले अक्षर दोन-तीन पावसाळ्यांत पुसले जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

उत्तराचा खरा प्रयत्न झाला तो मुंबईच्या वरळी भागात. मुंबई शहर समाजशिक्षण समितीने मार्च १९६७ मध्ये देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ तेथे सुरू केले. गिरणगावाला लागून असलेला हा भाग. गावाकडून आलेल्या कामगारांच्या खोल्या चाळीचाळीत. श्रमिक विद्यापीठाचा विचार असा होता की, कामगाराला एका विषयाचे तुकडे शिकवून भागत नाही. त्याला आपल्या यंत्राचे ज्ञान हवे, त्याबरोबर हिशेब हवा, आरोग्याची माहिती हवी, कायद्याने आपला हक्क काय हे कळावयास हवे. आणि हे सर्व त्याच्या गरजेप्रमाणे, थोडक्या मुदतीत शिकविले पाहिजे. अभ्यासक्रम आधी ठरवून विद्यार्थी शोधण्यापेक्षा कामगाराची अडचण आधी पाहून अभ्यासक्रम बेतावयाचा, ही त्यातील नवी गोष्ट. मुकादमाला जे उपजत ठाऊक होते ते येथे प्रथमच संस्थेच्या रूपाने उतरले. हा प्रयोग यशस्वी ठरला आणि केंद्र सरकारने तो देशभर पसरविला. २००० साली त्याचे नाव जनशिक्षण संस्थान झाले, २०१८ मध्ये ते शिक्षण खात्याकडून कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेले.

योगायोग असा की, त्याच महिन्यात, २६ मार्च १९६७ रोजी, पोप सहावे पॉल यांनी 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. विद्येची भूक ही अन्नाच्या भुकेइतकीच माणसाला खाली ओढणारी आहे, असा विचार त्यात मांडलेला आहे. रोम आणि वरळी यांना एकमेकांची वार्ताही नसावी.

पुणे जिल्ह्यातील आणखी एक प्रयोग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. घेऊन आलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून ते शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी सपत्नीक जाऊन राहिले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम उभारला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुले त्यांनी जमविली. भिंत बांधणे, लोखंड जोडणे, विजेची जोडणी करणे, जमिनीतील पाण्याचा अंदाज घेणे, जनावरांची निगा राखणे, या कामांचे शिक्षण तेथे दिले जाई. आणि त्यातील मर्म असे की, काम सरावासाठी करून मोडून टाकावयाचे नाही. गावातील कोणालातरी ते खरोखर हवे असले पाहिजे, त्याने त्याचे पैसे दिले पाहिजेत. विकत घेणारा मनुष्य हा कोणत्याही परीक्षकाहून कडक असतो. विहीर कोठे खणावी हे उपकरणाने तपासून सांगणाऱ्या मुलाचा अंदाज चुकला, तर शेतकरी त्याला उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र दाखवू देणार नाही! कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रम चालू आहे.

आता पुन्हा मुळशीकडे वळू. मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल थांबली आणि डबेवाल्यांचे कामच बंद पडले. पुष्कळजण गावी परतले. कोणी शेतीला लागले, कोणी पहारेकरी झाले. लोकल सुरू झाल्यावरही पूर्वीइतके डबे राहिले नाहीत, कारण घरून काम करणाऱ्यास डबा लागत नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेली शाळा ओस पडू लागली. आणि परतलेल्या माणसाने जी मुळशी पाहिली ती त्याच्या आजोबांची राहिलेली नव्हती.

हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्याचीच गावे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे माहिती-तंत्रज्ञानाची नगरी वाढत गेली. दुसऱ्या खेपेस जमीन गेली ती अशी. या वेळी पाण्याखाली न जाता काचेच्या इमारतींखाली गेली, आणि या वेळी भावही मोठा मिळाला. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांतील मुले-मुली त्या इमारतींत नोकरी करतात. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही. पैसा आला, गाड्या आल्या, लग्ने थाटात झाली, आणि काही वर्षांत पैसा सरल्यावर मागील मालक त्याच आवारात पहारेकरी म्हणून उभा राहिला. प्रवीण तरडे यांनी २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटात जमीन विकून बसलेल्या घरातील मुलगा गुन्हेगारीकडे कसा वळतो ते दाखविले. त्यातील हाणामारी आम्हांस रुचली नाही; बापाची अगतिकता मात्र खरी आहे.

आणि विद्यापीठे! लवळ्याच्या टेकड्यांवर सिंबायोसिस आणि फ्लेम, पौडजवळ महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज, लवासा येथे आपल्याच कार्मेलाइट बंधूंच्या ख्रिस्त विद्यापीठाचा परिसर. महाराष्ट्रातील कोणत्याही डोंगरी तालुक्याच्या वाट्यास इतकी विद्या आली नसेल. या संस्था आपापले काम उत्तम करीत असतील, त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. बारावी उत्तीर्ण तरुणांसाठी त्या आहेत. चाळीस वर्षांच्या, जमीन गेलेल्या, सातवी शिकलेल्या माणसासाठी दार कोणते, हा १९२१ चा प्रश्न तेथेच राहिला आहे. शासनाच्या कौशल्यविकासाच्या योजना आहेत, केंद्रे आहेत, प्रमाणपत्रेही मिळतात. परंतु अशा वर्गांची यशस्विता प्रमाणपत्रांच्या संख्येवर मोजली जाऊ लागली की शिक्षकाचे लक्ष हजेरीपटावरून उठत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांस सांगत नाही. मुळशीच्या वाटेवरील एका वस्तीत आम्ही स्वतः धर्मग्रामातर्फे शिवणवर्ग चालविला होता. दात्यांनी यंत्रे दिली, धर्मभगिनींनी कष्ट घेतले, समारंभास छायाचित्रे निघाली. बावीस स्त्रिया शिकल्या. वर्षाने चौकशी केली तेव्हा शिवणावर कमाई करणाऱ्या दोघीच निघाल्या. बाजारात तयार कपडा शिलाईपेक्षा स्वस्त मिळतो हे वस्तीतील प्रत्येकीस ठाऊक होते; आम्ही विचारले नव्हते आणि फादरना कसे सांगावे म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. यंत्रे सभागृहाच्या मागील खोलीत आच्छादन घालून ठेवली आहेत.

यंदा आम्ही कोणताही वर्ग जाहीर करण्यापूर्वी त्या स्त्रियांना बोलाविले आणि बाकांऐवजी सतरंजीवर बसलो. बराच वेळ कोणी बोलेना. मग एकीने सांगितले की, जवळच्या कंपन्यांत उपाहारगृहाचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराला माणसे हवी असतात, पण त्याला शंभर माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज असणारी बाई लागते. आम्हाला दहांचा आहे. दुसरी म्हणाली, अशी एक मावशी आमच्या आळीत आहे, दहा वर्षे तेच काम करते, ती शिकवील. मात्र तिचा दिवसाचा रोज बुडतो तेवढा द्यावा लागेल. शिकणाऱ्या बाईंनाही पहिल्या आठवड्यापासून काही मिळावे, असे तिसरीने हळूच सुचविले. आम्ही हे सर्व वहीत लिहून घेतले. उठता उठता एक वयस्क बाई परत आली आणि म्हणाली, "फादर, वर्ग कधीही घ्या, पण चैत्रात ठेवू नका. गावाकडं जत्रा असते."